चोचीमागची पांढरी फट

छोट्या खंड्याचे ते छायाचित्र मी संगणकावर अकरा वेगवेगळ्या प्रकारांनी क्रॉप करून पाहिले आणि अकराही वेळा ते बिघडलेलेच राहिले. पक्षी सुस्पष्ट होता, डोळ्यात उजेडाचा ठिपका होता, पाठीचा निळा रंग नेमका उतरला होता. परंतु त्याच्या मागे दोन मीटरवर पाणकणसाची दाट रांग होती आणि तिच्यातील दोन पात्यांमधल्या फटीतून पलीकडचे उन्हात चमकणारे पाणी बरोबर चोचीच्या मागे दिसत होते. चोच कुठे संपते आणि फट कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला क्षणभर उमगत नसे. मी आधी उजवी बाजू कापली, मग वरचा भाग, मग चौरस चौकट करून पाहिली, मग उभी. प्रत्येक वेळी पडद्यावर पक्षी थोडा मोठा झाला आणि त्याच्या बरोबरीने ती पांढरी फटही तितकीच मोठी झाली.

क्रॉप करण्याने चौकटीच्या कडेचे जाते, मधले जात नाही, ही गोष्ट सांगितली तर कोणीही म्हणेल की त्यात नवीन काय. मला मात्र ती त्या अकरा प्रयत्नांनंतर पटली, कारण तोवर ‘घरी गेल्यावर कापू’ या भरवशावरच मी कॅमेरा उचलत होते. त्या भरवशाची किंमतही मी त्याच दिवशी पहिल्यांदा आकड्यांत मांडून पाहिली. माझ्या कॅमेऱ्याचे छायाचित्र ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे असते. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली की ३००० गुणिले २००० उरतात, म्हणजे फक्त ६ मेगापिक्सेल, आणि इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने कागदावर जेमतेम १० इंच रुंदीची छपाई. शिवाय आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवल्याने आलेले दाणे उरलेल्या तुकड्यात दुप्पट मोठे दिसतात. इतके गमावूनही फट तिथेच राहणार असेल, तर चूक संगणकापुढे झालेली नाही, ती पाण्याच्या काठावर झालेली आहे.

म्हणून मी जुनी छायाचित्रे काढून बसले. सुमारे दोनशे चित्रे निवडली, जी काढताना मला आवडली होती आणि नंतर कुठेही दाखवावीशी वाटली नव्हती, आणि प्रत्येकाच्या पुढे वहीत एकाच ओळीत कारण लिहिले. पक्षी हलला, प्रकाश कमी पडला, फोकस चुकला अशी कारणे निघतील असे वाटले होते. तशी निघालीही, पण थोडीच. वारंवार लिहावे लागले ते असे: डोक्यामागे आडवी फांदी, पाठीला चिकटलेला उजळ दगड, शेपटीच्या टोकाशी दुसऱ्या पक्ष्याचे अर्धे अंग, पायांमागे क्षितिजाची रेघ, कोपऱ्यात आकाशाचे पांढरे ठिगळ. ही यादी वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. यांतील कोपऱ्यातले आणि कडेचे दोष क्रॉपने खरोखरच सुटत होते, आणि ते मी सोडवलेही होते. उरलेली सगळी चित्रे प्राण्याच्या अंगाला लागून असलेल्या गर्दीमुळे वाया गेली होती.

या दुसऱ्या प्रकारच्या दोषावर उपाय म्हणून मला इतकेच माहीत होते की ॲपर्चर, म्हणजे लेन्समधला प्रकाशाचा झरोका, जास्तीत जास्त उघडावे, म्हणजे पार्श्वभूमी धूसर होते. माझी लेन्स ४०० मिलिमीटरची, एफ ५.६ (हा आकडा जितका लहान तितका झरोका मोठा), खंड्याच्या वेळीही ॲपर्चर पूर्ण उघडेच होते, आणि तरी पाती पात्यांसारखी दिसत होती. हे कोडे सोडवण्यासाठी मी एक प्रयोग केला. एका काठीवर लाकडी पक्षी बांधला, त्याच्यापासून ८ मीटरवर कॅमेरा ठेवला आणि पक्ष्याच्या मागे वर्तमानपत्राचे पान आधी अर्ध्या मीटरवर, मग एक, दोन, चार आणि आठ मीटरवर टांगून प्रत्येक वेळी चित्र घेतले. अर्ध्या मीटरवर मजकूर पुसला गेला, पण मोठा मथळा सहज वाचता येत होता. दोन मीटरवर मथळ्याची अक्षरे जाऊन काळे पट्टे उरले, आणि ते पट्टे मूळ अक्षरांपेक्षाही डोळ्यांत जास्त भरत होते. आठ मीटरवर मात्र ते पान म्हणजे नुसता करडा रंग झाला.

यामागचा हिशेब नंतर समजला आणि तो इतका सुटसुटीत आहे की आता मी तो उभ्या उभ्या मनात करते. लेन्सची लांबी (तिचे नाभीय अंतर, नळीची लांबी नव्हे) भागिले एफचा आकडा म्हणजे ज्या झरोक्यातून प्रकाश आत येतो त्याचा व्यास. ४०० भागिले ५.६ म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटर. पार्श्वभूमी प्राण्याच्या जितकी मागे आहे त्या अंतराला कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीपर्यंतच्या एकूण अंतराने भागायचे आणि त्या अपूर्णांकाने हा व्यास गुणायचा. जे उत्तर येते, तितक्या रुंदीचे धुराळलेले वर्तुळ मागच्या प्रत्येक बिंदूचे होते, आणि ही रुंदी प्राण्याच्या अंगावर मोजपट्टी धरावी तशी, त्याच्याच मापात मिळते. खंड्या ८ मीटरवर आणि पाती १० मीटरवर होती. दोन भागिले दहा, म्हणजे एक पंचमांश. ७१ चा पंचमांश १४ मिलिमीटर. पाते एक सेंटिमीटर रुंद, धूसरपणा दीड सेंटिमीटरहूनही कमी. अशा वेळी पाते विरघळत नाही, ते सुजून जाडजूड पट्टा होते. आणि चार सेंटिमीटरांच्या चोचीमागे असा पट्टा आणि शेजारी पांढरी फट आली की व्हायचे तेच होते. मागे कॅमेऱ्यापासून ४० मीटरवरचा पलीकडचा काठ असता, तर तोच धूसरपणा ५७ मिलिमीटर झाला असता आणि पाण्याची चमकसुद्धा त्यात मुरून गेली असती.

या हिशेबाने माझे दोन गैरसमज गेले. पहिला टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवायच्या जोडभिंगाचा. १.४ पट वाढवणारा कन्व्हर्टर लावला की लेन्स ५६० मिलिमीटरची होते आणि एफचा आकडा ८ होतो. भागाकार पुन्हा ७०. म्हणजे त्याच जागेवरून पक्षी मोठा दिसेल, पण पक्ष्याच्या मानाने पार्श्वभूमी पूर्वीइतकीच धूसर किंवा पूर्वीइतकीच गिचमीड राहील. चित्राच्या रचनेपुरते बोलायचे तर कन्व्हर्टर म्हणजे लेन्सवर चढवलेला क्रॉपच आहे. त्यात पिक्सेल वाचतात, उजेड निम्मा होतो, बाकी काही बदलत नाही. दुसरा गैरसमज जवळ जाण्याविषयीचा. पार्श्वभूमी खूप दूर असेल तर धूसरपणा त्या झरोक्याच्या व्यासाइतका होतो आणि तिथेच थांबतो. मग प्राणी ५ मीटरवर असो की २५ मीटरवर, त्यात फारसा फरक पडत नाही. पार्श्वभूमी जवळ असेल तरच आपले पुढे सरकणे कामी येते. अशा वेळी सावकाश सरपटत दोन मीटर पुढे जावे की नाही, हे आता मी प्राण्याकडे पाहून नव्हे, तर त्याच्या मागे काय आहे ते पाहून ठरवते.

याच हिशेबाचा दुसरा अर्थ माझ्या सर्वांत उपयोगी पडला. आपण बाजूला सरकलो की पार्श्वभूमी प्राण्याच्या मागून सरकते, आणि किती सरकते याचे गणितही तेच असते: व्यासाच्या जागी आपण सरकलो ते अंतर धरायचे. खंड्यासमोर मी वीतभर डावीकडे झुकले असते, तर ती फट त्याच्या मागे साडेचार सेंटिमीटर सरकली असती, म्हणजे पूर्ण चोचीपेक्षा जास्त. वीतभर! मी तिथे तीन तास बसले होते आणि वीतभरही हलले नव्हते, कारण मला वाटत होते की मी शिस्तीने वागते आहे. एका अर्थी पार्श्वभूमी धूसर होते तीही याच कारणाने. लेन्सच्या काचेचा प्रत्येक बिंदू किंचित वेगळ्या जागेवरून पाहतो आणि त्या सगळ्या जागांवरची दृश्ये एकमेकांवर पडतात. ७१ मिलिमीटरच्या काचेने जे होत नाही ते वीतभर झुकण्याने होते, याचे म्हणूनच नवल वाटायला नको.

हे कागदावर सोपे असले तरी प्राण्यासमोर सोपे नसते. पुढच्या एका सकाळी नर हरीण ३० मीटरवर उभे होते आणि त्याच्या दोन शिंगांच्या मधोमध एक झाड उगवल्यासारखे दिसत होते. झाड त्याच्या १५ मीटर मागे होते. धूसरपणा अडीच सेंटिमीटरांच्या आसपास आणि खोडाची जाडी वीतभर. तेव्हा ते खोड खोडच दिसणार, हे मनातल्या मनात कळले. उजवीकडे एक मीटर सरकले तर खोड शिंगांबाहेर जाईल हेही कळले. मी एकेक पाऊल टाकू लागले आणि दुसऱ्या पावलाला हरणाने मान वर करून कान माझ्याकडे वळवले. मी थांबले. अशा वेळी आणखी एक पाऊल टाकायचा मोह होतो आणि त्या पावलाने सहसा प्राणी जातो, चित्रही जाते. मी मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर, कॅमेरा तसाच धरून उभी राहिले. सात-आठ मिनिटांनी ते चरत चरत स्वतःच डावीकडे आले आणि खोड त्याच्या पाठीमागून निघून गेले. पार्श्वभूमी बदलायचे हेही एक साधन आहे, आणि ते वापरायला लेन्स लागत नाही. अर्थात मधल्या काळात उजेड बदलला आणि पहिल्या क्षणी शिंगांच्या कडांवर जी सोनेरी रेघ होती ती गेली. ते चित्र आज माझ्याकडे आहे, स्वच्छ आहे, आणि तरी ती रेघ आठवतेच.

खाली वाकण्याचे महत्त्व मला कंठेरी चिखल्याने शिकवले. हा चिमुकला पक्षी ओल्या वाळूवर धावतो, थबकतो, पुन्हा धावतो, आणि उभ्याने त्याचे चित्र घेतले की त्याच्या भोवती खडे, शिंपले, काटक्या यांचा पसारा इतका स्पष्ट येतो की पक्षी त्यात हरवतो. तसा हरवणे हेच त्याचे संरक्षण आहे, पण चित्राच्या दृष्टीने ते गैरसोयीचे असते. समजा पक्षी १० मीटरवर आहे, त्याचे डोके जमिनीपासून १० सेंटिमीटर वर आणि माझा कॅमेरा दीड मीटर उंचीवर. मग कॅमेऱ्यातून त्याच्या डोक्यावरून जाणारी नजर त्याच्या मागे जेमतेम ७० सेंटिमीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे डोक्यामागची पार्श्वभूमी ७० सेंटिमीटरवर, आणि धूसरपणा ५ मिलिमीटरसुद्धा नाही. मी पालथी पडून कॅमेरा १५ सेंटिमीटर उंचीवर आणला की तीच नजर पक्ष्याच्या मागे २० मीटरवर जमिनीला टेकते आणि धूसरपणा ४७ मिलिमीटर होतो. लेन्स तीच, ॲपर्चर तेच, अंतर तेच, फरक दहापटीचा. वाळू ओली असते, कोपर सोलतात, आणि समोरचा छोटासा उंचवटा पक्ष्याचे पाय गिळून टाकतो, या तक्रारी खऱ्या आहेत. दुपारी तर जमिनीलगतची तापलेली हवा थरथरते आणि उत्तम लेन्सचेही चित्र वितळल्यासारखे येते. त्यामुळे हे पालथे पडणे सकाळच्या पहिल्या दोन तासांतच करावे.

याच्या उलट गोष्ट पुढच्या गवताची. प्राणी आणि कॅमेरा यांच्या मध्ये एखादे पाते आले की आपण वैतागतो, पण ते पाते जर भिंगाच्या अगदी जवळ असेल तर ते पाते राहतच नाही. ८ मीटरवरच्या पक्ष्यासाठी २ मीटरवरचे पाते आपल्या भोवती २१ सेंटिमीटरचा धूर करते. फूटभरावर आणले तर तो धूर सगळ्या चौकटीवर हलका हिरवा पडदा होऊन पसरतो. त्यामुळे आता झुडपाआडून चित्र घेताना मी झुडपापासून मागे होत नाही, लेन्स झुडपात खुपसते. अट एकच, फोकसचा बिंदू सर्वांत छोटा निवडावा लागतो; नाहीतर कॅमेरा प्राण्याऐवजी पानावर अडकतो. मागच्या पानांच्या फटींमधून येणाऱ्या उजेडाचे जे गोल ठिपके होतात, ज्यांना ‘बोके’ या जपानी शब्दाने ओळखले जाते, त्यांच्या मोहात मात्र सावधपणे पडावे. ते चौकटीच्या मध्याकडे गोल आणि कडेला लिंबाच्या आकाराचे दिसतात, आणि संख्येने जास्त झाले की प्राण्यापेक्षा तेच पाहिले जातात.

उजेडाविषयी थोडक्यात सांगते, कारण ते मला उशिरा आणि थोडेच साधले. प्राणी उन्हात आणि त्याच्या मागचा भाग सावलीत असेल, तर दोन-तीन स्टॉपचा फरक सहज पडतो. एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड, तेव्हा तीन स्टॉपला मागचा पसारा एक अष्टमांशावर येतो आणि जवळजवळ काळोखात बुडतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, प्राण्यावरून ठरवावे लागते, कॅमेऱ्याने सगळ्या चौकटीची सरासरी काढली तर तो मागचा काळोख उजळवून टाकतो. उलट ढगाळ दिवशी सगळे सारख्याच उजेडात असते, आणि तेव्हा जागा निवडण्याखेरीज हाती काही नसते.

आता पुन्हा संगणकाकडे. जागेवर पार्श्वभूमी सांभाळायला लागल्यापासून माझे क्रॉप करणे कमी झाले, पण थांबले नाही. त्याची पद्धत मात्र बदलली. पूर्वी मी प्राण्याभोवती चौकट आवळत जात असे. आता मी उलटीकडून सुरुवात करते: चित्र डाव्या खालच्या कोपऱ्यातून धरून चारही कडांवरून नजर फिरवते आणि कडेला टेकणारी प्रत्येक वस्तू तिथे का आहे, हे स्वतःला विचारते. कडेतून आत डोकावणारे अर्धे पान, उजळ दगडाचा कोपरा, दुसऱ्या प्राण्याची नुसती शेपटी, या गोष्टी मध्यभागी असलेल्या मोठ्या वस्तूपेक्षा जास्त लक्ष खेचतात. त्याआधी पाण्याची किंवा क्षितिजाची रेघ सरळ करून घेते, कारण चित्र फिरवले की कोपरे कापले जातात आणि आधी मोठ्या कष्टाने बसवलेली चौकट पुन्हा बसवावी लागते. रुंदी-उंचीचे गुणोत्तर सहसा ३:२ असेच कुलूपबंद ठेवते. मोकळे सोडले की हात वाटेल तसा कापत जातो आणि शेवटी कोणत्याच आकाराचे नसलेले चित्र उरते. बगळ्यांच्या रांगेला मात्र मी बेधडक ३:१ करते, कारण तिथे वरचे फिकट आकाश आणि खालचा चिखल दोन्ही निरर्थक असतात.

चित्रातले लक्ष विचलित करणारे ठिकाण शोधायला दोन जुन्या युक्त्या उपयोगी पडतात. चित्र पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहायचे, आणि मग ते उलटे, डोके खाली करून पाहायचे. उलटे केल्यावर प्राणी ओळखीचा राहत नाही, मग नजर आपोआप जिथे सर्वांत उजळ, सर्वांत तीव्र कडेचे किंवा सर्वांत भडक रंगाचे आहे तिथे जाते. ती प्राण्याच्या डोळ्यावर गेली तर ठीक. एका चित्रात ती दर वेळी मागच्या एका लाल पानावर जात होती, आणि सरळ चित्र महिनाभर पाहूनही मला ते पान दिसले नव्हते.

किती कापावे, याबाबत माझा कल आता कमी कापण्याकडे आहे. प्राणी ज्या दिशेला पाहतो तिकडे मोकळी जागा ठेवावी, पाय गवतात बुडालेले असले तरी ते जिथे असतील तेवढी जागा खाली राखावी, सांध्यावर कधीही कापू नये, पाण्यातले प्रतिबिंब घ्यायचे तर चोचीच्या टोकापर्यंत घ्यावे, हे संकेत मी पाळते. तृतीयांशाच्या नियमाशी, म्हणजे चौकट उभी-आडवी तीन-तीन भागांत वाटून रेषा छेदतात त्या चार बिंदूंपैकी एकावर विषय ठेवण्याशी, माझे तितकेसे पटत नाही. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने त्याला हे नाव दिले ते निसर्गदृश्यांतील आकाश आणि जमीन, उजेड आणि अंधार यांच्या वाटणीविषयी लिहिताना; प्राण्याचा डोळा त्या चार बिंदूंपैकी एकावर नेऊन बसवण्याच्या आग्रहापायी मी स्वतः अनेकदा नको असलेली फांदी चौकटीत परत आणली आहे. गर्दीच्या पार्श्वभूमीत जो कोपरा स्वच्छ असेल तिकडे मोकळी जागा जावी आणि प्राणी उरलेल्या ठिकाणी बसावा, इतपतच शिस्त मला पुरते.

खंड्याच्या चोचीमागची ती फट पुसून टाकण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता असे नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला काही सेकंद लागतात, आणि एका रात्री मी ते करूनही पाहिले. चित्र सुंदर दिसले आणि मला ते कोणाला दाखवावेसे वाटेना. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, फियाप ही छायाचित्रकलेची आंतरराष्ट्रीय संघटना आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी स्पर्धांसाठी निसर्ग-छायाचित्रणाची जी सामाईक व्याख्या स्वीकारली आहे, तिच्यात चित्रातील घटक वाढवणे, हलवणे, बदलणे किंवा काढून टाकणे निषिद्ध आहे, क्रॉपला मात्र मुभा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतही क्रॉप चालतो, सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसलेले चालतात, पण दृश्यातली वस्तू काढलेली चालत नाही. मी स्पर्धेला चित्र पाठवणार नव्हते, तरीही ही रेघ मला योग्य वाटली. कापताना आपण कुठवर पाहायचे ते ठरवतो; पुसताना तिथे काय होते तेच बदलतो. मी एवढेच करते की पार्श्वभूमीच्या अतिउजळ जागा निवडून अर्धा स्टॉप खाली आणते आणि तिथला रंगही किंचित उतरवते. यापुढे गेले, म्हणजे पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने धूसर केली, की पिसांच्या कडेभोवती एक फिकट वलय उमटते आणि जाणकाराच्या नजरेतून ते सुटत नाही.

पसारा हाताने आवरण्याचा मार्ग तर याहून वाईट. घरट्यासमोरच्या दोन-चार फांद्या बाजूला बांधल्या की चित्र स्वच्छ येते, हे खरे आहे; पण त्या फांद्या पिलांना ऊन लागू नये आणि शिकारी पक्ष्यांना दिसू नये म्हणूनच तिथे असतात. असे करणाऱ्यांची चित्रे ओळखू येतात. इतक्या उघड्या घरट्याचे चित्र पाहिले की मला त्याच्या स्वच्छ पार्श्वभूमीचे कौतुक वाटायचे थांबले आहे.

हे सगळे झाल्यावर, जवळपास वर्षाने, मी खंड्याची मूळ फाईल पुन्हा उघडली आणि एकही क्रॉप न करता ती पूर्ण पाहिली. पक्षी चौकटीच्या साधारण चौथ्या भागात होता. डावीकडे पाणकणसाच्या पात्यांची उभी रांग ओळीने कडेपर्यंत गेली होती, आणि त्या इतक्या रेघांमध्ये चोचीमागची फट ही अनेक फटींपैकी एक झाली होती. मी चौकट आवळत गेले तशी ती एकटी पडत गेली होती आणि म्हणूनच खुपत होती. पात्यांच्या गर्दीत दबा धरून बसलेला एवढासा पक्षी, असे ते चित्र मुळात होते. उजवीकडून कडेत घुसणारे एक मोडके पाते तेवढे कापले, त्यात रुंदीचा विसावा भाग गेला, आणि फटीचा उजेड अर्धा स्टॉप उतरवला. या रूपात ते सध्या माझ्या संग्रहात आहे. चोच आणि फट यांची सरमिसळ अजूनही नीट पाहिले की दिसते, आणि त्या काठावर जाऊन वीतभर डावीकडे झुकून बसायचे माझ्या मनात आहे. पाणकणीस मात्र दरम्यान वाढून दुप्पट झाले आहे, त्यामुळे वीत पुरेल की नाही ते तिथे गेल्यावरच ठरेल.